पान लागलं

आमच्या वारणाकाठच्या गावांत तिन्हीसांजेनंतर सापाचं नाव तोंडातून काढत नाहीत. जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडं. कुणाला चावलं तर 'पान लागलं' म्हणायचं. जवळच बत्तीस शिराळा. तिथल्या नागपंचमीला पूर्वी जिवंत नाग मिरवायचे, पुढं कोर्टानं ते बंद केलं. नागाची एवढी पूजा करणाऱ्या मुलखात राहूनही मला विचाराल, तर मला नागाची भीती त्यातल्या त्यात कमी. नाग फणा काढतो, फुस्स करतो, बाजूला हो म्हणून सांगतो.

नातू मोबाईलवर जगातल्या सगळ्यांत विषारी सापांची यादी बघत असतो. पहिला नंबर ऑस्ट्रेलियातल्या एका तायपानचा. एका चाव्याच्या विषात शंभर माणसं मरतील म्हणतात. पण ते जनावर राहतं त्या देशाच्या आतल्या कोरड्या, ओसाड भागात. मरायला तिथं माणूस पाहिजे ना! त्या अख्ख्या देशात सापानं दगावणारी माणसं वर्षाला हाताच्या बोटांवर मोजावीत. आपल्याकडं 2000 ते 2019 या वीस वर्षांत अंदाजे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेली. वर्षाला 58 हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी तरी पावसाळ्यातली. त्या यादीत पहिला नंबर कुणाला द्यायचा हे मी ठरवणार असेन तर मण्यारीला देईन.

1976 सालची गोष्ट. मी दहावीत होतो. भुईमूग काढणीला आलेला, घरात ओल्या शेंगांचे ढीग. शेंगा म्हटल्यावर उंदीर आले, आणि उंदरामागं बाकीचं आलंच. धाकटे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, सोप्यात खाली वाकळ टाकून झोपले होते. घरात बाज एकच, ती आजीला.

पहाटे तीनच्या सुमाराला तात्या उठून बसले. पोटात कळ येतीया म्हणाले. आजी म्हणाली, "रातीला शेंगा किती खाल्ल्यास! ववा चाव आन् पड जरा." त्यांनी ओवा चावला, सोडा घेतला. कुठं दुखापत नाही, सूज नाही, रक्त नाही. उजाडल्यावर चहा दिला तर तो गिळेना, नाकातून परत आला. "डोळं उघडंनात गं आई, झोप लई येतीया," एवढं म्हणाले, तेही बोबडं. आजी म्हणाली, "जागरान झालंय, निजू द्या त्येला." काकीनं वाकळ आवरायला उचलली आणि ती ओरडली. घडीत मण्यार होती. काळी-निळसर, तुकतुकीत, अंगावर पांढरे पट्टे.

मग पळापळ. कुणीतरी कडुलिंबाचा पाला आणून तात्यांच्या तोंडात घातला. पान लागलेल्याला पाला कडू लागत नाही असा आमच्याकडं समज. तात्यांनी मानेनंच कडू आहे म्हणून सांगितलं, आणि खरं सांगतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चावली नाही, नुसती वाकळंत येऊन बसली म्हणाले. तिथं आणखी तास गेला. त्यानंतर मारुतीच्या देवळात नेलं. अकरा वाजता तात्यांचा श्वास थांबला. डोळे मिटलेले, पण शेवटपर्यंत हाक मारली की बोट हलवत होते.

मण्यारीचं हेच आहे. दात बारीक, चावल्याचं झोपेत कळत नाही, खूणही धड दिसत नाही. विष नसांवर काम करतं. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग छातीचा भाता बंद. माणूस शुद्धीत असतो, फक्त त्याला श्वास घेता येत नाही. वेळेवर लस मिळाली आणि श्वासाच्या यंत्रावर ठेवला तर असा माणूस उठून बसतो. पाल्याची चव मात्र कुणालाही कडूच लागते. निरुपद्रवी कवड्या साप मण्यार समजून लोक मारतात, तेव्हा सांगून ठेवतो : कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचे पुढं पुसट, शेपटीकडं ठळक.

फुरसं कोकणातलं, त्यावर तिकडच्यांनी लिहावं. आमच्या उसात असते ती घोणस. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते, पण वाऱ्यात पाचट वाजत असताना तो ऐकू येतोच असं नाही. 2011 साली वहिनींना बांधावर गवत कापताना उजव्या हाताला चावली. पुतण्यानं त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागं मी. पहिल्या दवाखान्यात लस शिल्लक नव्हती. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि वीस मिनिटं ती नळी तशीच उभी ठेवली. चांगलं रक्त तेवढ्यात गोठतं. वहिनींचं पाण्यासारखं हललं. घोणशीच्या विषानं रक्त गोठणं बंद होतं, ते असं डोळ्यांनी बघितलं. एकदम दहा बाटल्या लस चढवली. पोर असो की थोरला माणूस, लस तेवढीच द्यायची, कारण साप काही वय बघून विष सोडत नाही. ही लस घोड्याच्या रक्तापासून होते, आणि त्यासाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतले इरुळा लोक साप पकडून काढतात. त्यांची 1978 पासून सहकारी संस्था आहे. आम्ही साखर कारखान्याचे सभासद, ते विषाच्या सोसायटीचे!

वहिनी वाचल्या. मूत्रपिंडावर आलं, चार वेळा डायलिसिस झालं, एक म्हैस आणि दीड तोळं गेलं. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, खुरपं त्या डाव्या हातानं धरतात.

घरात आता बाजा झाल्या, मच्छरदाण्या झाल्या. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर मण्यार आत येत नाही. उसाचं तसं नाही. शेतीच्या पंपाची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीच येते. अकराला येते, पहाटे जाते. दारं धरायला तेव्हाच जावं लागतं, आणि चिखलात गमबूट रुतून बसतात म्हणून पोरं ते बांधावर काढून ठेवतात. आज बुधवार, आमची पाळी रात्रीची आहे. पोरगा बॅटरी चार्जिंगला लावून झोपलाय, काठी दाराशी उभी आहे. अकराला त्याला उठवायचं आहे.