खारं पाणी, गोड गैरसमज

‘आमचा पूल केमिकल-फ्री आहे, सॉल्टवॉटर आहे ना!’ पुण्यातल्या आमच्या नव्या सोसायटीच्या ब्रोशरमध्ये हे ठळक अक्षरांत होतं. ऐकायला एकदम कूल! पण बॉस, फंडा वेगळाच आहे. या पुलातही क्लोरीन असतंच. फक्त ते डब्यातून येत नाही, तिथल्या तिथे तयार होतं.

लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅम मीठ. समुद्रात याच्या दहापट असतं, आपल्या अश्रूंतही जवळपास तिप्पट. आमच्या एक लाख लिटरच्या पुलाला सव्वातीनशे किलो मीठ लागलं. फिल्टरमधून आलेलं पाणी एका सेलमधून जातं, तिथे विजेने मिठापासून क्लोरीन बनतं आणि जंतू मारून झाले की त्याचं बहुतेक परत मीठच होतं. सॉलिड ना?

गोची पुढेच आहे. नव्या सिमेंटमधून, टाइल्सच्या सांध्यांतूनही कित्येक आठवडे चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच चढतो. म्हणून मीठसुद्धा महिनाभर थांबून टाकायचं. त्यानंतर सेलही पीएच वरच ढकलतो.

मी बीएस्सी केमिस्ट्री, नोकरी बँकेत. तरी कमिटीने टेस्ट किट माझ्याच हातात दिलं. उद्घाटनाच्या रविवारी सकाळी सहाला फिनॉल रेडचे थेंब टाकले, तर ट्यूब गडद गुलाबी. पीएच ८.२! हवा ७.२ ते ७.८. क्लोरीन मात्र भरपूर दिसत होतं.

‘मग प्रॉब्लेम काय?’ सगळ्यांचा एकच सवाल. प्रॉब्लेम हाच, की ७.५ला साधारण निम्मं क्लोरीन जोमात काम करतं, ८.२ला जेमतेम पाचवा हिस्सा. बाकीचं नुसतं हजेरी लावतं!

पोरं गॉगल चढवून लॉबीत उभी. एक काका भडकले, ‘अहो, आम्ही विहिरीत उड्या मारायचो. तेव्हा कुठे होता पीएच?’ खरंय काका. पण विहिरीत एका सकाळी चाळीस मुलं उतरत नव्हती, त्यातही काही डायपरमधली!

पूल उघडला नाही. आठवडाभर पंप चालू ठेवून थोडंथोडं ॲसिड मोजून पाण्यात सोडलं. क्लोरीनच्या डब्याजवळ त्याला फिरकूही दिलं नाही, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. पीएच उड्या मारू नये म्हणून अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएममध्ये आणली. उन्हात क्लोरीन दोन-तीन तासांत उडून जातं, त्यासाठी स्टॅबिलायझर टाकलं. पुढच्या रविवारी आकडा आला ७.५, आणि पहिली उडी काकांच्या नातवाने मारली.

आता लिफ्टशेजारी रोजचं रीडिंग लिहिलेलं असतं. तुमच्याकडेही पूल असेल, तर स्विमसूट घेण्याआधी सेक्रेटरींना एवढंच विचारा, ‘आजचा पीएच किती?’ उत्तराऐवजी ‘केमिकल-फ्री’ ऐकू आलं, तर टॉवेल घडी करून घरी जा.