हसायला विनोद कशाला?

हसणे कोणाला आवडत नाही? पण हसण्याचे दोन प्रकार आहेत. एक कोणाबरोबर तरी हसणे आणि दुसरे कोणाला तरी हसणे. यातला फरक मला माझ्या धाकट्या भावामुळे कळला.

भाऊ सहा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. स्वमग्नता हा रोग नव्हे. अशा मुलाचा मेंदू निराळ्या रीतीने काम करतो. भाऊ फार कमी बोलतो, नजरेला नजर देत नाही. आनंद झाला की हात फडफडवतो. कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो. बाजारात लोक त्याला हसायचे, म्हणून आईने त्याला नेणेच सोडले होते. ती स्वतःही हसेनाशी झाली होती.

आपल्या शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिका बाईंनी आईला हास्ययोग शिकवला. त्यांनी सांगितले, की १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांनिशी एका बागेत हास्यक्लब सुरू केला. आधी ते विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत विनोद संपले. मग ते विनोदाशिवायच हसू लागले.

आई म्हणाली, "बाई, हसायला काही कारण नको का?"

बाई म्हणाल्या, "आधी हसून तर बघा."

आता रोज संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो. खोल श्वास घेतो आणि टाळ्या वाजवत "हो हो, हा हा हा" म्हणतो. भावाला मोठा आवाज सोसत नाही, म्हणून टाळी दोन बोटांची आणि हसणे हळू. त्याने आमच्या डोळ्यांत बघावे असा आग्रह धरायचा नाही, असे बाईंनी बजावले आहे. नको वाटले तर तो उठून जातो. पहिले आठ दिवस तो भिंतीकडे तोंड करून बसला. नवव्या दिवशी आम्ही थांबलो, तर तोच म्हणाला, "हो हो!" खोटे खोटे हसणाऱ्या आईला खरेच हसू आले, नि डोळ्यांत पाणीही. आजी म्हणाली, "लई दिसानं घर हसलं गं."

हास्ययोगाने स्वमग्नता जात नाही. पण आईचा दिवसभराचा ताण हलका होतो. परवाच तिने भावाला बाजारात नेले.

मित्रांनो, जूनमध्ये भाऊ आपल्याच शाळेत येणार आहे. तो हात फडफडवील, घंटा झाली की कान झाकील. त्याला हसू नका. त्याच्याबरोबर हसा, पण जरा हळू.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी