सायकलची खुर्जी

पुण्यात आपण सायकलवरून बाजारहाट करतो, असे आता चारचौघांत सांगायला थोडे धैर्य लागते. ऐकणारा आधी आपल्या प्रकृतीची चौकशी करतो आणि मग, जरा आवाज खाली आणून, पेन्शनची. साठ वर्षांपूर्वी हेच पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कचेऱ्या सुटल्या की लक्ष्मी रस्त्यावर घंट्यांशिवाय दुसरे काही ऐकू येत नसे. आमचे वडील दर रविवारी सकाळी सायकलवरून मंडईला जात. पुढच्या दांडीवर मी आणि हँडलच्या दोन टोकांना दोन खाकी पिशव्या, असा आमचा जामानिमा असे. पिशवीची जागा हँडलवरच, ही समजूत मी त्या दांडीवर बसून करून घेतली, साठ वर्षे जतन केली आणि गेल्या वर्षीच्या श्रावणात तिची किंमत चुकती केली.

आमचे बिऱ्हाड पर्वतीच्या पायथ्याशी. तिथून मंडईला जायचे म्हणजे सारसबागेवरून शुक्रवार पेठेत शिरायचे. जाताना किंचित उतार, येताना किंचित चढ. हा चढ गाडीत बसलेल्याला आयुष्यात कधी कळत नाही. पाच किलो कांदे नेणाऱ्या सायकलस्वाराला तो पहिल्या शंभर पावलांत कळतो. त्या दिवशी उजव्या हँडलला भरलेली पिशवी होती आणि डावे हँडल मोकळे होते. सारसबागेच्या वळणावर मी हँडल वळवले, पिशवी झोका घेऊन माझा गुडघा आणि पुढचे चाक ह्यांच्या मध्ये आली, आणि चाक जागच्या जागी थांबले. मी मात्र थांबलो नाही. तळ्यातल्या गणपतीच्या साक्षीने मी रस्त्यावर आलो. (तळे गेले, गणपतीला नाव मात्र तेच राहिले आहे.) मनगट मोडले. भेंडी शाबूत होती.

सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी निकाल जाहीर केला, "बाबा, आता सायकल पुरे. काय हवं ते फोनवर सांगा, दहा मिनिटांत दारात येतं." ते खरेच येते. पण दहा मिनिटांत दारात आलेली वांगी आपण निवडलेली नसतात, हे त्याला कसे सांगावे? आणि खरे दुखणे वांग्यांचे नव्हतेच. सदुसष्टाव्या वर्षी माणसाच्या हातून एकेक काम काढून घेतले जाते, तेही प्रेमाने; म्हणून भांडताही येत नाही. रविवारची मंडई हे माझे शेवटचे खाते होते.

प्लास्टरच्या दिवसांत मी गॅलरीत बसून असे. समोर एका घराचे बांधकाम चालले होते आणि गाढवे विटा वाहत होती. चार दिवस पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले, की गाढवाच्या मानेला कोणी विटा बांधत नाही. ओझे पाठीवरून दोन्ही अंगांना सारखे सोडलेले असते. घोड्यावरच्या खुर्जीची हीच तऱ्हा आणि लमाणांच्या बैलांवरच्या गोण्यांचीही हीच. आगगाडी येण्यापूर्वी मुलूखभर धान्य आणि मीठ असेच फिरले. चाकाचा शोध लागल्यावर माणूस हे विसरला असावा. निदान मी विसरलो होतो.

घरात घडीच्या पिशव्यांना तोटा नव्हता. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून मुठीत मावेल एवढी घडी होणारी पिशवी प्रत्येकाच्या खिशात आली आहे. आमच्याकडे अशा अकरा निघाल्या. त्यांतल्या रुंद तोंडाच्या दोन घेऊन मी मागच्या कॅरिअरच्या दोन बाजूंना अडकवल्या आणि एका हाताने सायकल अंगणात फिरवून पाहिली. पिशवी कापडाची, तिला स्वतःचे असे अंग नाही. भरली की फुगते आणि फुगली की चाकात शिरते. एक कोपरा तारांत गेला आणि आतल्या कोथिंबिरीची चाकाने परस्पर चटणी केली. बरे झाले, की सायकल चालवत नव्हतो.

सौ. हे सारे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. "अहो, तिला पाठ नको का काही?" एवढेच ती म्हणाली आणि माळ्यावरून मुलांची परीक्षेची दोन जुनी पॅडे काढून आणली. ज्या पॅडावर चिरंजीवांनी दहावीचे गणित सोडवले होते, ते पिशवीच्या आत, चाकाच्या बाजूला उभे केले. पिशवीला पाठ मिळाली. नायलॉनचे बंद वजनाने दोरीसारखे वळून शिवणीतून उसवू लागले, तर तिने जुन्या खाटेची नवार काढून बंदांवर आणि तळाखालून दुहेरी शिवून दिली. बोहरी आळीतून मी उलटसुलट वाकवलेले चार लोखंडी आकडे आणले. त्यांचे एक टोक नवारीत आणि दुसरे कॅरिअरच्या सळईवर. ह्याचा फायदा असा, की बाजारात पिशवी उचलून हातात घेता येते आणि भरून परत अडकवता येते. तोटा असा, की गतिरोधक आला की आकडा उडी मारतो. म्हणून जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून पिशवीचा तळ खाली, चाकाच्या आसाजवळ, ताणून बांधली. वरून आकडा, खालून रबर. मग पिशवी हलायचे नाव घेईना.

राहिली टाच. पायडल मागे येताना टाच पिशवीला लागे. पिशव्या चार बोटे मागे सरकवल्या, तेव्हा ती अडचणही गेली. माझी सायकल ॲटलसची आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ह्या दिवशी बंद झाला, आणि तो नेमका जागतिक सायकल दिन होता. पण तिचे कॅरिअर अजून माणूस पेलेल असे आहे. पेलले आहेच, लग्नानंतरची दोन वर्षे सौ. त्याच्यावर बसून सिनेमाला येत असे.

प्लास्टर निघाले. मी चिरंजीवांपुढे पैज ठेवली: दिवाळीचे सामान सायकलवरून घरी आणतो. वाटेत काही सांडले किंवा मी सांडलो, तर सायकल भंगारात. तो नाइलाजाने हो म्हणाला. माझी खात्री आहे, की तो त्या दिवशी पाठोपाठ येणार होता. आईने त्याला रांगोळीचे डबे घासायला बसवले.

वसुबारसेच्या आधीच्या रविवारी सकाळी सात वाजता मंडईत पोचलो. ही इमारत १८८६ सालची. गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावाने ती रे मार्केट झाली. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरे. नगरपालिकेत ह्या खर्चाला ज्यांनी विरोध केला त्यांत जोतीराव फुले होते. हा पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मंडईला त्यांचेच नाव मिळाले. आता खालून २०२४ पासून मेट्रोही जाते. वर मात्र उंच छपराखाली अजून तोच ओल्या पालेभाजीचा वास आणि तेच ओट्यांवरून येणारे आवाज. दिवाळीआधी तर झेंडूचे ढीग, पणत्या, कारिटे आणि नव्या केरसुण्या ह्यांतून पाऊल ठेवायला जागा नसते.

"काका, लई दिसांनी! हात बरा हाय का?" माझ्या नेहमीच्या कांदेवाल्या बाईंनी विचारले. हात कशाने मोडला ते त्यांना कसे कळले, हे मंडईला कसे कळते असे विचारण्यासारखे आहे. मी पिशवी पुढे केली. "आणि ही पाटी कशाला आत? शाळंत चाललाय काय?"

उजव्या पिशवीत तीन किलो कांदे, दोन किलो बटाटे आणि चार नारळ. डाव्या पिशवीत, जवळच्या किराणा दुकानातून, तीन किलो साखर, दोन किलो रवा आणि दोन किलो डाळीचे पीठ. दोन्हीकडे सात-सात किलोंच्या आसपास. इथे एक गोष्ट कळली ती लिहून ठेवतो: एक पिशवी अडकवून दुसरी आणायला जाऊ नये. मी गेलो आणि परत येईपर्यंत सायकल स्टँडसकट एका फुलवाल्याच्या टोपलीवर रेलली होती. त्याने काही म्हटले नाही. मीच अर्धा किलो झेंडू जास्त घेतला. पातळ पोहे वजनाला हलके आणि जागेला भारी. ते कॅरिअरच्या चिमटीखाली.

सगळे जमले आणि केरसुणी राहिली. लक्ष्मीपूजनाची केरसुणी आडवी बांधावी तर रस्त्यातल्या लोकांना लागणार. पिशवीत उभी करावी तर टाच लागण्याची भीती, आणि लक्ष्मीला पाय लावून घरी आणली असे कळले असते तर सौ.ने सायकल स्वतःच भंगारात दिली असती. शेवटी डाव्या पिशवीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, निशाणासारखी उभी केली.

भरलेली सायकल निघताना जड लागते, पण एकदा निघाली की मुकाट्याने चालते, हे मला नवे होते. हँडल हलके होते. हाताला काही ओढत नव्हते. पाठीमागे ओझे आहे हे फक्त मांड्यांना कळत होते. ब्रेक मात्र आधीपासून लावावा लागतो, कारण ती थांबायला वेळ घेते. सारसबागेच्या वळणावर मी उतरलो. पैजेत उतरायचे नाही असे नव्हते. वळण पायी पार केले, मनगट एकदा फिरवून पाहिले आणि पुन्हा बसलो. पर्वतीकडच्या चढावर एका रिक्षावाल्याने रिक्षा हळू करून केरसुणीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

घरी सौ.ने एकेक जिन्नस काढून ओट्यावर मांडला. पोह्यांचा चुरा झाला नव्हता. एका नारळाला तडा गेला होता, पण तो मंडईतूनच तसा आला असावा, ह्यावर तिचे आणि माझे एकमत झाले. चिरंजीवांनी आपले गणिताचे पॅड पिशवीतून काढले, उलटून पाहिले आणि परत आत ठेवले. काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडले, तर तो अंगणात वाकून मागच्या चाकात पंपाने हवा भरत होता.

"ओझं न्यायचं तर हवा जरा जास्त लागते, बाबा," तो मान वर न करता म्हणाला.