मागच्याच्या खांद्यावर

परवा भुसार बाजारात हळदीच्या गाळ्यावरून जाताना शीळ ऐकू आली. दुपारची वेळ. थप्पीवर आडवा झालेला एक तरुण हमाल मोबाइलवर युद्धपट बघत होता. फाटक्या बुटांतले कैदी शीळ घालत छावणीत शिरतात, तो प्रसंग. हळद, ओलसर गोणपाट आणि ती शीळ एकदम अंगावर आली आणि आबा आठवले. आबांनी याच यार्डात जन्मभर पोती वाहिली.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' मी त्यांच्याबरोबरच पाहिला. अलका टॉकीजला, रविवारी सकाळच्या खेळाला. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. मला पूल कधी उडतो याची घाई, आणि ते पडद्याच्या कडेला ओंडके वाहणाऱ्यांकडे टक लावून बसलेले. मधेच म्हणाले, "पुढचा उंच, मागचा बुटका. समदा भार मागच्याच्या खांद्यावर येतोय. जोडी नीट लावली न्हाई."

डेव्हिड लीनच्या या १९५७ च्या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली. त्याबद्दल वाद नाही. माझा राग आहे तो कर्नल निकल्सनवर. जिनिव्हा कराराचा हवाला देत तो जपानी अधिकाऱ्याला ठणकावतो की अधिकारी अंगमेहनत करणार नाहीत. त्यासाठी पत्र्याच्या तापलेल्या खोपटात कोंडून घेतो, पण हटत नाही. प्रेक्षकांना त्यात बाणेदारपणा दिसतो. मला आजही ते लागतं. ओझं उचलल्यानं माणसाची इज्जत जाते, असं मानणाऱ्याचं शौर्य हमालाच्या पोरानं कसं गोड मानून घ्यावं? पुढे पूल वेळेत व्हावा म्हणून हाच निकल्सन अधिकाऱ्यांना कामाला लावतो, आजाऱ्यांनाही उठवतो. त्याचा करार पुलापुढे टिकत नाही.

खरा पूल थायलंडमध्ये कांचनबुरीजवळ आहे. जपान्यांनी १९४२-४३ मध्ये थायलंड ते ब्रह्मदेश असा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधून घेतला, त्यातला हा एक. तिथले ब्रिटिश अधिकारी फिलिप टूसी निकल्सनसारखे नव्हते. त्यांची माणसं लाकडात वाळवी सोडून काम बिघडवत. या मार्गावर राबलेल्या ६० हजारांवर युद्धकैद्यांपैकी सुमारे १२ हजार मेले. पण त्यांच्याहून कितीतरी जास्त होते आशियाई मजूर: मलायाच्या रबरमळ्यांतले तमिळ, ब्रह्मी, जावानी. त्यांच्या मृत्यूंचा अंदाज ९० हजारांच्या आसपास जातो. कैद्यांच्या कबरींवर नावं कोरलेली आहेत. या मजुरांतल्या बहुतेकांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. चित्रपटाची कथा तर त्यांच्या बाजूला फिरकतच नाही.

हे वाचलं तेव्हा आबांचं वाक्य पुन्हा कानात आलं. मागच्याच्या खांद्यावर.

चित्रपटातला पूलही खोटा नव्हता. श्रीलंकेत कितुलगल इथे, केलनी नदीवर, स्थानिक मजुरांनी हत्तींच्या मदतीनं तो खऱ्या लाकडाचा उभा केला आणि खऱ्या आगगाडीसकट उडवला गेला. मी टाळ्या वाजवल्या होत्या. आबा गप्प होते. बाहेर आल्यावर लकडी पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी विचारलं, "लाकूड चढवणाऱ्यांची मजुरी तरी चुकती केली असंल का रं?"

मजुरी हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीच्या मोर्चात ते असत. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालाला भविष्यनिर्वाह निधी दिला, ग्रॅच्युइटी दिली, कामगार म्हणून नाव दिलं. शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं यासाठीचा झगडा त्यानंतरही चालूच राहिला. पन्नास किलोचा तो फरक आबांच्या मणक्यांना ठाऊक होता. म्हातारपणी त्यांना मान वळवता येत नसे.

एखादा पूल जिंकण्याइतकीच ही लढाई मला मोठी वाटते. तिच्यावर कुणीतरी चित्रपट काढावा. त्यात नायक कुणीही असो, पण कॅमेरा मागच्या माणसावर असावा, आणि ओझं उचलण्याआधी कुणीतरी जोडी नीट लावून द्यावी.