बांगडीचं माप : पिट्यूटरीविषयी काही टिपणं

बांगडी मनगटात बसते, पण चढते पंजावरून. वर्षानुवर्षं २-४ भरणाऱ्या बाईला चाळिशीनंतर २-८ही अडायला लागली, की कासार आणि घरचे मिळून ठरवतात : अंग सुटलं. वजनकाटा तेच सांगत असेल तर ठीक. पण सोबत अंगठी रुतते, चपलेचा नंबर वाढलाय, खालच्या दातांत फटी पडल्यात, घोरणं वाढलंय, घाम थांबत नाही, शुगर-बीपी नव्यानेच निघालंय? मग ही वाढ चरबीची नसावी. बहुधा पिट्यूटरीतल्या गाठीमुळे ग्रोथ हार्मोन जास्त होत असेल. या आजाराला अॅक्रोमेगली हे नाव फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी १८८६ साली दिलं. आजही निदानाला कित्येक वर्षं जातात.

*

उशीर का होतो? रोज बघणाऱ्याला चेहऱ्यातला फरक दिसत नाही. दिसतो तो परगावाहून आलेल्या मावशीला. म्हणून डॉक्टरांकडे जाताना लग्नाचा अल्बम न्यावा, जुन्या ओळखपत्रावरचा फोटो न्यावा. माझ्या मते रिपोर्टांच्या फायलीइतकंच या फोटोंना महत्त्व आहे.

*

पिट्यूटरी ग्रंथी वाटाण्याएवढी, नाकाच्या मागे, कवटीच्या तळातल्या खोबणीत. तिथल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय काढला आणि छोटी, निरुपद्रवी गाठ सापडली, असंही बऱ्याचदा होतं. तेव्हा प्रत्येक डोकेदुखीला घाबरायचं कारण नाही.

*

गाठ वर वाढली तर दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दाब येतो. दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू हळूहळू पुसत जाते. समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून माणूस चष्म्याचा नंबर बदलत राहतो. खांदा दाराच्या चौकटीला घासतो, गाडी चालवताना बाजूने आलेली रिक्षा एकदम पुढ्यात उभी राहते.

घरी करता येईल अशी चाचणी : रुग्णासमोर हातभर अंतरावर बसा. त्यांनी उजवा डोळा झाकला तर तुम्ही डावा. नजर एकमेकांच्या उघड्या डोळ्यावर. तुमचं हलतं बोट दोघांच्या मधोमध धरून कडेने आत आणा. तुम्हाला दिसलं आणि त्यांना नाही, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन पेरिमेट्री, म्हणजे नजरेच्या कक्षेची तपासणी, करून घ्या. मात्र घरी काही सापडलं नाही म्हणून तक्रार सोडून देऊ नका.

*

मूल अंगावर पीत नसताना दूध येणं, पाळी लांबणं किंवा थांबणं, दिवस न राहणं. दूध आणणारं पिट्यूटरीचं हार्मोन, प्रोलॅक्टिन, तपासायला हवं; ते वाढवणारी गाठ असू शकते. पण आधी गोळ्यांची यादी बघा. अॅसिडिटीच्या कॅप्सूलमधलं डॉमपेरिडोन, पोटासाठी दिलेलं लेव्होसल्पिराइड, मानसिक आजाराची काही औषधं यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं. थायरॉइड कमी असेल तरी वाढतं, आणि गरोदरपणात तर वाढतंच. (मानसिक आजाराची गोळी परस्पर बंद करू नये.)

पुरुषांत ही प्रोलॅक्टिनची गाठ मोठी होऊन सापडते. इच्छा मेली, दाढी विरळ झाली, हे ते कुणाला सांगत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं, कारण प्रोलॅक्टिनच्या बहुतेक गाठी कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येतात.

*

चेहरा गोल व लाल, हातपाय बारीक, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, उकिडवं बसलं की उठवत नाही : कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त, आणि त्यामागेही पिट्यूटरीची गाठ असू शकते. पहिला प्रश्न मात्र सांधेदुखीच्या पुड्यांचा आणि गोरेपणाच्या क्रीमचा. त्यांत लपलेल्या स्टेरॉइडनेही हुबेहूब असंच होतं.

*

चार्ल्स बर्न, ‘आयरिश जायंट’. लंडनमध्ये लोक पैसे देऊन त्याला बघायला येत. १७८३ साली अवघ्या बाविसाव्या वर्षी तो गेला. १९०९मध्ये मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी त्याची कवटी उघडवून पाहिली, तर पिट्यूटरीची खोबण मोठी झालेली. वाढत्या वयात ग्रोथ हार्मोन जास्त झालं तर उंचीच वाढत जाते. म्हणून वर्गातलं एखादं मूल भराभर सगळ्यांच्या वर जात असेल, तर कौतुकासोबत त्याच्या उंचीचा तक्ताही ठेवावा. उंची अचानक थांबली तरीसुद्धा.

*

सतत थकवा, थंडी वाजणं, सोडियम कमी. टीएसएच नॉर्मल आलं की ‘थायरॉइड ठीक’ म्हणतात. पण बिघाड पिट्यूटरीत असेल तर टीएसएच नॉर्मल दिसूनही टी-फोर कमी असू शकतं. दोन्ही एकत्र तपासा. आणि थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसोल बघा. ते कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी दिली तर जिवावर बेतू शकतं.

*

अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, दिसणं कमी, एक पापणी खाली पडलेली : गाठीत रक्तस्राव झाला असू शकतो. अर्धशिशी समजून गोळी देऊन झोपवू नका. रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्या. आधीपासून गाठ असल्याचं माहीत असेल, तर ते दारातच सांगा.