नानांचा करार

२००२ साली आम्ही डोंबिवलीत भाड्याची जागा शोधत होतो. दर एजंटचं पहिलं वाक्य ठरलेलं : "अकरा महिने, मग बघू." या 'बघू'मध्ये नव्याने दलाली, नव्याने टेम्पो आणि मुलीची शाळा लांब पडली तर नव्याने रिक्षावाला, एवढं सगळं आलं.

घरमालक घाबरत, आणि त्याला कारणही होतं. १९४७च्या मुंबईच्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली, मालक तेवढ्यावरच पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यातून सुटायला लिव्ह अँड लायसन्स निघालं, तर १९७३मध्ये तेव्हाच्या लायसन्सवाल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. २००० साली नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, पण मनातली धास्ती काही गेली नव्हती. भाडेकरूचा मुक्काम लांबू द्यायचा नाही आणि रेशनकार्डावर आपला पत्ता चढू द्यायचा नाही, हे मालकमंडळी एकमेकांना बजावून सांगत.

शेवटी आम्हाला घरमालक भेटले ते नाना, रेल्वेतून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशातून त्यांनी एक जादा फ्लॅट घेऊन ठेवला होता. त्यांनी विचारलं, "मुलगी कितवीत?" मी म्हटलं, "सहावीत." "मग अकरा महिन्यांचं कशाला? ३३चं करू. कायदा वाचलाय मी. मुदत संपली की तुम्ही जाणार, न गेलात तर दुपटीने भरणार. मला भ्यायचं कारण काय?" करार कल्याणला जाऊन रीतसर नोंदवलाही. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाचीच, पण तेव्हा बहुतेकांचं काम साध्या स्टॅम्पपेपरवर भागत असे.

नाना संत मात्र अजिबात नव्हते. भाडं पाच तारखेला म्हणजे पाचलाच. दरवर्षीची वाढ करारात लिहिलेली, तीत रुपयाची सूट नाही. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जो बिनभोगवटा आकार लावते, तोही आमच्याकडूनच घेत. पण सोसायटीने तो मनाला येईल तसा वाढवायचं ठरवलं, तेव्हा सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घालणारा २००१चा शासन निर्णय काखोटीला मारून सभेत तासभर भांडले तेही नानाच. त्यात त्यांचा दमडीचा फायदा नव्हता, सगळा आमचा.

रेशनकार्डाचं विचारताना मी शब्द चाचपडत होतो. नाना म्हणाले, "राहता ना इथे? मग पत्ता खराच आहे." ना हरकत पत्र हाताने लिहून दिलं, तारीख घालून सही केली, आणि त्याची एक झेरॉक्स मात्र स्वतःच्या फायलीत लावली. गॅसचं कनेक्शन, बँकेचं खातं, मुलीच्या शाळेतला पत्ता, सगळं त्या एका कागदावर निघालं. भाडं दोनशेने कमी करून मिळालं असतं, तरी या कागदाची सर त्याला आली नसती.

पहिली मुदत संपल्यावर दुसरा करारही त्यांनी तसाच केला. मुलगी दहावीत गेली आणि नानांनी फ्लॅट विकायला काढला. त्यांना नाशिकला मुलाकडे जायचं होतं, तिथे घर घ्यायला पैसे हवे होते. गिऱ्हाईक मिळालं ते गावातलाच एक हार्डवेअरचा दुकानदार. अशा जागा घेऊन भाड्याने देणारा. त्याला दिवाळीत रिकामा ताबा हवा होता. आमच्या करारात एक महिन्याच्या नोटिशीचं कलम होतं. नाना ती देऊ शकत होते.

ती बैठक आमच्याच बाहेरच्या खोलीत झाली. नाना म्हणाले, "पोरीची परीक्षा मार्चमध्ये आहे. ताबा एप्रिलात." दुकानदाराने विचारलं, "आणि माझे पैसे अडकणार त्याचं काय?" बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी ठरलं ते असं : विक्रीची निम्मी रक्कम लगेच, उरलेली ताब्याच्या दिवशी, आणि मधल्या महिन्यांचं भाडं दुकानदाराला. निम्म्या पैशात नाशिकचं घर होणार नव्हतं, तेवढे महिने नाना मुलाच्या दोन खोल्यांत राहिले. दुकानदारानेही एक गोष्ट आपण होऊन केली : नानांचं जड कपाट आणि पितळी भांड्यांची पेटी एप्रिलपर्यंत आपल्या गोदामात ठेवून घेतली. "तुमचं तिथे घर होईपर्यंत राहू द्या," म्हणाला.

एप्रिलात आम्ही जागा सोडली तेव्हा नाना डिपॉझिटचा हिशेब करायला मुद्दाम नाशिकहून आले. सगळ्या खोल्या फिरले, नळ उघडून पाहिले, आणि मोरीतल्या तुटलेल्या तोटीचे पैसे कापून चेक लिहिला. तोटी आम्ही आलो तेव्हाच गळत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी चेक घेतला आणि नानांना चहाचं विचारलं.