हातावरची तुळस आणि भरतीचा नियम

माझ्या डाव्या हाताच्या आतल्या अंगाला, मनगटाच्या चार बोटं वर, तुळस गोंदलेली आहे. खाली वृंदावनाचा चौकोन, वर फांद्या, भोवती ठिपके. १९८३ च्या पौषात आजीनं पालीच्या खंडोबाच्या यात्रेत गोंदवून घेतली, तेव्हा मी दहा वर्षांची. आज हे लिहितेय ते भाच्याच्या भरतीमुळं. पण एकातनं दुसरं निघतं म्हणून आधी तुळस.

गोंदणारी बाई झाडाखाली पोतं टाकून बसायची. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया, वाटीत कालवलेलं काजळ, आणि शेवटी वरनं चोळायला हळद-तेल. पोरगी हात ओढायला लागली की बाई गाणं म्हणायची आणि आजी गुडघ्यानं हात दाबून धरायची. आठ दिवस हात सुजलेला, मग खपली पडली, आणि काळ्याचं हळूहळू हिरवं झालं. आजीचं म्हणणं एकच, मेल्यावर डागिनं इथंच काढून घेत्यात, गोंदाण तेवढं संगट येतं. तिच्या स्वतःच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, आणि दंडावर भावाचं नाव. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही आणि अंगावरही नाही, भावाचं मात्र चाललं. यावर कुणीतरी लिहायला पाहिजे.

पुढं १९९६ साली पुण्यात एका खासगी कंपनीत रिसेप्शनच्या मुलाखतीला गेले. साहेबांनी सर्टिफिकेटं बघितली, मग हात बघितला. "पूर्ण बाह्यांचे ड्रेस आहेत ना तुमच्याकडे?" एवढंच विचारलं. नोकरी मिळाली. सात वर्षं मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्या घातल्या. आणि आता त्याच पुण्यात तसल्याच टेबलामागच्या मुली कोपरापर्यंत टॅटू काढून बसतात, लोक कौतुकानं विचारतात, कुठं काढला. मला त्या मुलींचा राग नाही. पण सुई तीच आणि कातडीही तीच असताना माझं ते अडाणीपण आणि त्यांची ती हौस, हे ठरवलं कुणी?

आता भाचा. पोरगं दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून हायवेच्या कडेनं पळतंय. आमच्या साताऱ्यात हे नवीन नाही, आपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे आमच्याकडं. गेल्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर जाऊन उजव्या हाताच्या आतल्या बाजूला थायलंडचा टॅटू काढला. पाच उभ्या ओळी, अक्षरं आपल्याला न वाचता येणारी. त्याला "सक यंत" म्हणतात. यंत म्हणजे आपलं यंत्रच, शब्द संस्कृतातनं तिकडं गेलेला. भाषा पाली, लिपी जुनी ख्मेर. अँजेलिना जोलीनं २००३ साली तो डाव्या खांद्यामागं काढून घेतला आणि जगभर पसरला.

पोरगं झोपल्यावर मी मोबाईलवर त्याबद्दल वाचत बसले आणि हसू आलं. तिकडं तो दुकानात काढायचा नसतो. भिक्खू किंवा आचार्य लांब सळईनं, पूर्वी बांबूनं, टोचत टोचत काढतो, वर मंत्र म्हणतो, आणि काढून घेणाऱ्यानं पंचशील पाळायचं असतं. नाही पाळलं तर यंत्राची ताकद जाते म्हणतात. बँकॉकच्या पश्चिमेला नाखोन पाथोम प्रांतात वाट बांग फ्रा म्हणून विहार आहे, तिथं दर मार्चला मोठी गर्दी जमते. ज्याच्या पाठीवर वाघ तो वाघासारखा डरकाळ्या फोडत पळत सुटतो, वानर असलेला उड्या मारतो. आपल्याकडं वारं येतं ना, अगदी तस्संच. पालीच्या यात्रेत बघितलेल्याला ह्यात नवल काहीच नाही. आणि मलकापुरातल्या पोराला बुद्धाची अक्षरं अंगावर हवी होती, तर आगाशिवाच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, घरातनं दिसतात. तिथं शाळेच्या सहलीनंतर हा परत गेलेला नाही. असो.

मुद्दा नियमाचा आहे, आणि हा भाग ज्यांच्या घरात भरतीचं पोरगं आहे त्यांनी नीट वाचा.

सैन्यात कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर पंजाच्या मागच्या बाजूला. दंड, छाती, मान, पाठ नाही. म्हणजे भाचा तिथं बसतो. पण सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही केंद्रीय दलं वेगळी. तिथं आतली बाजू चालते ती फक्त डाव्या हाताची, कारण उजव्या हातानं सॅल्यूट करतात. शिवाय आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी पाहिजे. म्हणजे तोच हात एका फॉर्मला चालतो आणि दुसऱ्याला नाही. "आत्या, मला हे कुणी सांगितलंच नाही गं," म्हणाला. ज्या अकॅडमीत तो फी भरतो तिथं उंची, छाती, सोळाशे मीटरची वेळ सगळं भिंतीवर रंगवलेलं आहे. टॅटूची ओळ नाही.

२०१७ साली सोलापूरकडच्या एका मुलाला सीआयएसएफनं उजव्या हातावरच्या ॐ वरनं नाकारलं होतं. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. पण प्रत्येक शेतकऱ्याच्या पोरानं वकील लावायचा का?

लेझरनं निघतं म्हणतात, निघतंही. कातडीच्या आतल्या थरात शाईचे कण पेशींनी धरून ठेवलेले असतात, ती पेशी मेली की दुसरी ते कण उचलते, म्हणून माझी तुळस चाळीस वर्षं जाग्यावर आहे. लेझर त्या कणांचे तुकडे करतो, मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. काळी शाई त्यातल्या त्यात बरी, हिरवी चिवट. पण एका बैठकीत काम होत नाही. दोन बैठकांमध्ये दीड-दोन महिने, अशा बऱ्याच बैठका, आणि सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहायची भीती. पोरांचं वय भरतीच्या वयोमर्यादेशी शर्यत लावून असतं. त्यात हे वर्ष-दीड वर्ष कुठनं आणायचं?

अजून एक गोष्ट मला खटकते. सैन्याच्या नियमात आदिवासी जमातींच्या मुलांना त्यांच्या चालीरीतीप्रमाणं सवलत आहे, आणि ती योग्यच आहे. पण माझा हात ज्या बाईनं गोंदला ती भटक्या जमातीची. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांची यादी वेगळी, अनुसूचित जमातींची वेगळी. उद्या तिची नात कपाळावरचं गोंदण घेऊन मैदानात उतरली तर तिची चालीरीत कुठल्या यादीत बघायची? गोंदण हा जिच्या घरचा धंदा, तिलाच सवलत नाही. सरकारनं कपाळ वाचायची सवय जुनी आहे. कंपनी सरकार बंगाल-मद्रासकडं कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायचं, १८४९ साली ते बंद झालं. १८७१ च्या कायद्यानं पुढं अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवलं, तो डाग कागदावरनं १९५२ ला पुसला.

गेल्या आठवड्यात मी अकॅडमीत जाऊन सरांना भेटले. नियम कागदावर लिहून नेला होता. त्यांनी वाचला, म्हणाले, "मॅडम, आमच्या बॅचमध्ये अशी नऊ पोरं निघतील." रंगाऱ्याला बोलावतो म्हणालेत. यात्रेत बॅटरीच्या मशीनवर टॅटू काढणाऱ्यांनाही सांगायला पाहिजे, उजवा हात पुढं आला की भरतीचं विचारा. आणि सुई बदला. एकच सुई दहा हातांना लागली तर कावीळ बी आणि एचआयव्ही दोन्ही पसरतात, तिथं भरतीचा प्रश्नच उरत नाही.

भाच्यानं यंदा फक्त सैन्याचा फॉर्म भरलाय. सीआयएसएफचा भरायचा की आधी लेझरला पैसे घालायचे, यावर घरात अजून वाद चालू आहे. कराड-सांगली भागात कुणाच्या पोराचा टॅटू मेडिकलला अडला असेल किंवा चालला असेल, तर कुठलं दल, कुठला हात, एवढं खाली लिहा. पोरांना दाखवता येईल.